शेवटच्या कडव्यातली मोकळी जागा

शाहीर, आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही उठून गेलात. याला आमच्याकडे रडीचा डाव म्हणतात.

पन्नास वर्षं होत आली त्या भांडणाला. भेट झाली की पहिल्या चहापर्यंत गोडगोड बोलायचं, दुसऱ्या चहाला मी विषय काढायचा, तुम्ही हसायचं, मी चिडायचं, आणि वत्सलावहिनींनी "आधी जेवा, मग भांडा" म्हणत ताटं मांडायची. संक्रांत झाली की मी नळदुर्गला येणारच होते. तुमच्या लेकीचा, सुजाताचा फोन आला तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीत माझ्या अंगणात शेंगा वाळत घालत होते. "ताई, अप्पा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. आणि मी काय विचारलं माहीत आहे? "शेवटी काय म्हणाले?" जन्मभर नर्सची नोकरी केली, किती घरांत अशा वेळी उभी राहिले, पण असला प्रश्न कुणाला केला नव्हता. मला वाटलं असावं, जाता जाता तरी तुम्ही हार कबूल केली असेल. पोरगी म्हणाली, "चहा मागितला." बरोबर आहे. तुम्ही दुसरं काय मागणार.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या आहेत. ज्येष्ठ शाहीर धोंडिराम, अमुक गावचे, तमुक मंडळाचा सत्कार. आमच्या हायस्कूलचं नाव त्यात नाही. असणार तरी कसं? तुम्ही तिथं मास्तर नव्हतात. दुष्काळाच्या वर्षी काही महिने, गुरुवारी दुपारचे शेवटचे दोन तास, एवढाच तुमचा आमचा संबंध. पण माझ्यापुरतं बोलायचं तर तुमचा सगळा जीवनपट त्या गुरुवारांत आहे. बाकीचं पेपरवाल्यांनी बघून घ्यावं.

बहात्तरचा तो दुष्काळ. आमचे मराठीचे सर नोकरी सोडून गेले होते आणि हेडसरांनी तुम्हाला कुठल्याशा जत्रेत ऐकलं होतं. "आठवड्यातनं एकदा या, पोरांना कविता शिकवा, गाणी करायला शिकवा," असं ते म्हणाले आणि तुम्ही हो म्हणालात. नळदुर्गहून हैदराबाद रस्त्याच्या ट्रकमध्ये बसायचं, ड्रायव्हरला भाड्यापोटी एक गाणं म्हणायचं, फाट्यावर उतरायचं आणि तिथून गावापर्यंत उन्हातून चालत यायचं. उजव्या हातात पिशवी, पिशवीत डफ. एकदा ट्रकवरून पडून डावा खांदा कायमचा गेला होता, तो हात छातीच्या वर उचलता येत नव्हता. या खांद्याचं पुढं येतंच.

पहिला तास मला काल झाल्यासारखा आठवतो. आम्ही नववीतले. पोरं भरपूर, पोरी दोनच, मी आणि रुक्मीण. तुम्ही फळ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खुर्ची सोडून टेबलावर बसलात. दारात उभ्या हेडसरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आणि तुम्ही विचारलंत, "तुमची माय चिडल्यावर काय म्हनती?"

मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, "मुडद्या, बसलाईस काय, ऊठ की!" तुम्ही तेच वाक्य डफावर वाजवून दाखवलंत. सगळे हसले. "आता दुसरी माय," तुम्ही म्हणालात. रुक्मिणीनं तोंडावर हात धरून सांगितलं, "आगं ये भवाने, चूल इझली, ध्यान कुठं हाय?" तेही वाजलं. तासभर आमच्या आया आम्हाला शिव्या देत होत्या आणि तुम्ही ताल धरत होतात. शेवटी म्हणालात, "बगा. तुमची माय कुठं शाळंत गेली व्हती का? पर एक अक्षर जास्ती न्हाय, एक कमी न्हाय. तोंडात बसतंय तेच गानं. बाकीचं पुस्तकात ऱ्हाऊ द्या."

घरी जाऊन मी आईला सांगितलं, "आज तुझ्या शिव्या शिकलो." तिला आधी राग आला, मग म्हणाली, "कोन्त्या?"

तुमचे कायदे थोडे होते पण कडक. डोळ्यांनी बघितलं नाही ते लिहायचं नाही. एकानं मोर आणि हिरवं रान लिहून आणलं तर तुम्ही त्याला खिडकीपाशी नेलंत. "दाव मला, कुठं हाय मोर?" बाहेर शाळेचं वाळलेलं मैदान आणि पलीकडं छावणीकडं निघालेली जनावरं. तो बिचारा रडकुंडीला आला. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "गाय हाय की. गाय लिही." त्यानं गाय लिहिली. बरी लिहिली.

दुसरा कायदा शेवटच्या कडव्याचा. शाहिरी रीत आहे, गाणं करणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफायचं. तुम्ही सांगितलंत, "हे नाव म्हंजे मिरवायसाठी न्हाय. उद्या कुनी विचारलं, हे कोन बोललं, तर पळून जाता येऊ नये म्हनून नाव." आम्हाला ते फार आवडलं. दोन गुरुवार आम्ही नुसती शेवटचीच कडवी केली. आधी गाणं नाहीच, थेट नाव.

आता माझं काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून पुन्हा सांगते. त्या वर्षी घरातला प्रत्येक हात कामावर लागत होता. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. आई माती वाहायची, बा खडक फोडायचा, आणि आठवड्यातले बाकीचे दिवस मीही तिथंच असायचे. रुक्मिणीचं तेच. पण गुरुवारी आई स्वतः म्हणायची, "जा आज शाळंत. आन् आल्यावर काय शिकलीस ते म्हनून दाव." तिला रोजची मजुरी बुडाली तरी चालायची, गाणं बुडालेलं चालायचं नाही. आमच्या दोघींची शाळा त्या एका वाराच्या आधारानं उभी होती. गुरुवार पडला असता तर शाळा पडली असती. आणि तसंच झालं, शाहीर.

तलावाचं गाणं करायचं ठरलं तेव्हा तुम्ही सगळा वर्ग कामावर घेऊन आलात. प्रत्येकानं एक पाटी माती भरायची, डोक्यावर घ्यायची, बांधावर नेऊन टाकायची, मगच कडव्याला हात लावायचा. ज्यांच्या घरी गडी राबत होते त्यांनासुद्धा सोडलं नाहीत. पोरांच्या माना आखडल्या, टोप्या मातीनं भरल्या. तुम्ही बांधावर उभं राहून डफ वाजवत होतात. माझ्या आईनंच विचारलं, "आन् शाहीर, तुमची पाटी?" तुम्ही डावा हात उचलून दाखवलात, तो छातीपाशी थांबला. "ह्यो बगा कामचुकार. लई वरीस झाली, वरच जाईना." बाया हसल्या. तुम्हीही हसलात, पण मी बघितलं, तुम्ही मान खाली घातली होती.

गाणं झालं ते असं:

पाटी भर गं, पाटी भर,
तळ्याला चढू दे मातीचा थर.

माय डोईवर घेई माती, बा फोडतो खडक,
शाळेच्या खिडकीत आयकू येती पहारीची धडक.

पानी येईल तवा पितील गाई, पितील चिमन्या-मैना,
कुनी वाहिली माती त्याचं नाव पान्याला काही कळंना.

"पान्याला काही कळंना" ही ओळ माझी. तुम्ही डफावर एक थाप मारलीत आणि पुढं गेलात. त्या थापेवर मी महिनाभर जगले.

आणि शेवटचं कडवं:

अमका म्हने, माझी बी एक पाटी,
पडली तळ्याच्या काठी.

अमक्याच्या जागी कुणाचं नाव, यावर वर्गात मारामारी व्हायची वेळ आली. सगळ्यांनीच माती वाहिली होती. तुम्ही म्हणालात, बघू.

तेवढ्यात दूध सोसायटीच्या इमारतीचं उद्घाटन निघालं. जनावरं छावणीत, गावात चहाला दूध नाही, आणि सोसायटीची पाटी रंगवून तयार! पण त्या वर्षांत असंच होतं, सहकार आधी यायचा आणि दूध मागून. सोसायटीचे चेअरमन तेच आमच्या शाळेच्या कमिटीचेही चेअरमन. त्यांचं नाव मी इथंही लिहीत नाही. तुम्ही घातलं नाहीत, मी कशाला घालू? उद्घाटनाला शाळेच्या पोरांनी तलावाचं गाणं म्हणावं असं ठरलं, आणि हेडसर आमच्या वर्गाच्या दारात येऊन तुम्हाला हळूच म्हणाले, "शाहीर, शेवटच्या कडव्यात तेवढं चेअरमनसाहेबांचं नाव बसवा. तळं त्यांनीच मंजूर करून आणलंय."

"बसवतो की, सर. त्यात काय! सायबांनी एक पाटी टाकावी."

"कसली पाटी?"

"मातीची. पोरांनी टाकली. सायबांनी एक टाकावी, म्या नाव दोनदा घालतो."

हेडसर वाईट माणूस नव्हता. इकडं आड, तिकडं विहीर, अशी त्यांची गत झाली होती. ते म्हणाले, "मग शेवटचं कडवंच गाळा." तुम्ही म्हणालात, "गाळलं तर गानं कुनाचंच न्हाय. नावाची जागा मोकळी ठिवतो. तिथं डफ वाजंल." हेडसरांनी ते मानलं. चेअरमनना मात्र त्यांनी काय सांगितलं देव जाणे, कारण चेअरमन आले ते नाव ऐकायच्याच तयारीनं.

मंडप, गुलाल, पुढारी, सतरंजी. मागं जमिनीवर तलावाच्या कामावरून थेट आलेल्या बाया, अंगावर मातीसकट. आम्ही गायलो. दुसरं कडवं संपत आलं तसे चेअरमन खुर्चीत ताठ झाले, नमस्कारासाठी हातसुद्धा जुळवून ठेवले. शेवटचं कडवं आलं. आम्ही गप्प, आणि नावाच्या जागी तुमच्या डफावर तीन थापा. मग आम्ही, "म्हने, माझी बी एक पाटी." चेअरमनचे जुळलेले हात तसेच राहिले. धृपद झालं, कडवं पुन्हा आलं, पुन्हा जागा मोकळी. आणि मागून माझी आई स्वतःचंच नाव ओरडली, "सखू!"

"सखू म्हने, माझी बी एक पाटी!"

सगळ्या बाया खदखदून हसल्या. तुम्ही थांबला असतात तर तिथंच मिटलं असतं. पण तुम्ही थांबता कसले! पुन्हा धृपद, पुन्हा जागा, आणि आता दुसरी बाई, "गंगू!" मग "हौसा!" मग कुणी आपल्या मेलेल्या सासूचं नाव घातलं, कारण तिनं आदल्या महिन्यापर्यंत माती वाहिली होती. गाणं संपेचना. पुढारी घड्याळ बघायला लागले. आई नंतर कितीतरी दिवस हे सांगायची आणि सांगताना तोंडाला पदर लावायची. मी तिला एवढी खूश दुष्काळाआधीही बघितलेलं नव्हतं, दुष्काळानंतरही नाही.

पुढच्या गुरुवारी तुम्ही आलात. आम्ही खिडकीतून बघत होतो. हेडसर फाटकापर्यंत गेले, खाली बघून काहीतरी बोलले. तुम्ही उजवा हात छातीला लावून त्यांना नमस्कार केलात. मग पिशवीतून डफ काढून आमच्या खिडकीकडं उंच धरून दाखवलात आणि वळून फाट्याच्या वाटेला लागलात. भांडला नाहीत. चेअरमनच्या दारात जाऊन बसला नाहीत. एवढं डफ बडवून बोलणारा माणूस, आणि आमच्यासाठी एक शब्द नाही! माझा राग तिथून सुरू होतो.

गुरुवार बंद झाला आणि आईकडं मला शाळेत पाठवायला कारणच उरलं नाही. मी सगळाच आठवडा तलावावर. पुढच्या सालात पाऊस झाला, तेव्हा तिनं मला पुन्हा नववीत बसवलं, म्हणून मी नर्स तरी झाले. रुक्मीण मात्र गेली ती गेलीच. घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली, तिकडंच तिचं लग्न झालं. वर्गात तिचा आवाज माझ्यापेक्षा गोड होता, हे तुम्हीही म्हणायचात.

पहिली नेमणूक तामलवाडीकडं होती. एका दुपारी तुम्ही दवाखान्याच्या दारात उभे. कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, तुमची एक चेली इथं सुया टोचते. बसलात, पाणी प्यालात, आणि पहिला प्रश्न, "त्या जागी तुझं नाव घातलंस का कधी?"

"नाही. आणि घालणारही नाही. आधी तुम्ही कबूल करा."

"काय कबूल करू?"

"की चुकलात. एका नावानं काय झिजलं असतं तुमचं? चेअरमनचं नाव घातलं असतं तर गुरुवार राहिला असता. आम्ही पोरी शिकलो असतो."

"खोटी पाटी टाकली की तळं गळतंय, शकू."

"ते तसंही गळतंय. जाऊन बघा. जानेवारीत कोरडं पडतंय."

"पाझर तलाव हाय त्यो. गळायसाठीच असतो."

असं आपलं चालायचं. तुमच्याशी वाद घालणं म्हणजे ओल्या साबणाला धरणं. एकदा मी वर्मावर बोट ठेवायला गेले. उद्घाटनाआधी चेअरमननी तुम्हाला गाण्याचं बोलणं करायला घरी बोलावलं होतं आणि ओट्यावर बसवून, बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपात चहा दिला होता, हे मला मागाहून कळलं होतं. आमच्या गावात तुमच्या लोकांसाठी तसे कप असायचे, आमच्या घरीही होता. मी विचारलं, "त्या कपाचा राग धरलात ना? म्हणून नाव घातलं नाहीत." तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला. "कपाचा राग धरला असता तर जिल्ह्यात चहाच मिळाला नसता मला." मला अजूनही वाटतं, थोडा राग होताच. असायलाच हवा होता. तुम्ही तो मला दाखवला नाहीत याचं मला वाईट वाटतं.

गाणं मात्र पसरलं, हे मी कधी नाकारलं नाही. त्या तलावावरून दुसऱ्या तलावावर गेलं, तिथून रस्त्याच्या कामावर. जिथं गेलं तिथं बाया त्या जागी आपापली नावं घालायच्या. तुमचं म्हणणं, जागा मोकळी होती म्हणून गाणं जगलं. चेअरमनचं नाव असतं तर मंडपाबरोबरच गुंडाळलं गेलं असतं. खरं असेल. पण मी दर वेळी तुम्हाला एकच विचारायची, "आणि रुक्मीण?" तिथं तुम्ही मान खाली घालायचात. गेल्या खेपेला पहिल्यांदाच बोललात. "त्याचं उत्तर माझ्याजवळ न्हाय. आसतं तर गान्यात घातलं आसतं." मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला तुमची कीव आली, आणि तुमची कीव आलेली मला आवडली नाही, म्हणून मी विषय बदलायला म्हणाले, "बघा हं, तुम्ही गेल्यावर मी त्या जागी तुमचंच नाव घालणार."

तुम्ही ताडकन सरळ झालात. "खबरदार! म्या पाटी टाकली न्हाय. माझं नाव घातलंस तर तिरडीवरनं उठून बसीन."

वत्सलावहिनी आतून म्हणाल्या, "बसतील बाई. ह्यांचा भरवसा न्हाय."

एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगितली नव्हती, ती आता सांगते. दवाखान्यात जुलाब लागलेली लेकरं यायची. साखर-मिठाचं पाणी कसं करायचं, किती द्यायचं, हे बायांना चार-चारदा सांगूनही घरी जाईपर्यंत विसरायच्या. एके दिवशी मी विचारलं, "तुमची सासू चिडल्यावर काय म्हनती?" एकीनं सांगितलं. तिच्याच तालात मी साखर, मीठ, पाणी बसवलं. बाया हसत हसत घरी गेल्या आणि पाणी बरोबर करायला लागल्या. नोकरीभर मी तेच केलं. अजून त्या भागातल्या आज्या सुनांना तसंच म्हणून शिकवतात. ती लेकरं जगली, शाहीर, आता त्यांना लेकरं आहेत. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, "बग, गुरुवार बंद पडलाच न्हाय." आणि मग मी भांडणार कशावरून? म्हणून सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तुमचे उपकार फार आहेत माझ्यावर आणि ते मी भांडणाच्या आडोशाला लपवून ठेवले.

तुम्हाला न्यायच्या आत पोचले. अंगणात माणसं मावत नव्हती. तुम्ही अगदी शहाण्यासारखे निजला होतात, अंगावर पांढरं, डावा हात नेहमीसारखाच छातीवर. त्रिसरण झालं. आणि गर्दीतून एक जाडजूड बाई येऊन माझ्या गळ्यात पडली. ओळखूच येईना. मग ती म्हणाली, "आगं ये भवाने, ध्यान कुठं हाय?"

रुक्मीण! सोलापूरकडच्या लेकाकडून आली होती. दोघी तिथंच भिंतीला टेकून बसलो. मी तिला सांगितलं, तुझ्यासाठी या माणसाशी मी जन्मभर भांडले.

"माज्यासाटी? कशापायी? माजी शाळा सुटायचीच व्हती, शके. बानं दसऱ्यालाच ठरिवलं व्हतं. गानं तेवढं घिऊन गेले म्या. उसाच्या फडात लई म्हनलं. माज्या सुना म्हनत्यात आता." मग म्हणाली, "पर भांडलीस ते बरं केलंस. माज्यासाटी दुसरं कोन भांडलं?"

यानं तुमची बाजू खरी ठरते की माझी, मला समजत नाही. तुम्ही असतात तर दुसऱ्या चहाला यावरच बसलो असतो. दसऱ्यालाच ठरलं होतं, हे तुम्हाला ठाऊक असतं तर त्या प्रश्नाला एवढी वर्षं तुम्ही मान खाली घातली नसतीत.

उचलायची वेळ झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, शाहिराला गाण्यानं पोचवा. सुजातानं तुमचा डफ आणून माझ्या पुढ्यात ठेवला. मला तो कुठं येतो? रुक्मिणीनं घेतला. आम्ही दोघींनी सुरू केलं, आणि दुसऱ्या ओळीला सगळं अंगण आमच्याबरोबर होतं. माय डोईवर घेई माती. पितील चिमन्या-मैना. माझी ओळ अंगणभर म्हटली गेली आणि रुक्मिणीनं डफावर एकच थाप मारली, तुमच्यासारखी. तिलाही ती आठवत होती.

शेवटचं कडवं आलं. जागा आली. सगळे थांबले, कारण या जागी थांबायचं असतं हे आता आपल्या मुलखात सगळ्यांना माहीत आहे. मी तुमच्याकडं बघितलं आणि मुद्दाम, खणखणीत म्हटलं, "धोंडिराम म्हने, माझी बी एक पाटी."

आणि थांबले.

सगळे समजले, मला भरून आलंय. भरून आलं नव्हतं, शाहीर, मी वाट बघत होते. तुम्ही शब्द दिला होतात. मी कायदा मोडला होता, तुमच्यादेखत मोडला होता. चूक दाखवायला तरी उठायचं होतंत. "खबरदार" एवढं तरी म्हणायचं होतंत. वत्सलावहिनीही तुमच्याकडंच बघत होत्या. त्या अंगणात आम्ही दोघीच होतो ज्यांना अजून थोडी आशा होती.

तुम्ही उठला नाहीत. तेव्हा मला खरं वाटलं.

रुक्मिणीनं धृपद पुन्हा उचललं. कडवं फिरून आलं, जागा आली, तिनं तीन थापा मारल्या आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "शके, आता तुजं."

घातलं, शाहीर. आवाज नीट लागला नाही, पण घातलं.